दोन दारांचं विमान

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी एकच नाव घेतो : अंबादास व्यंकय्या दासरी. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणत असे. माझे वडील जेऊर स्टेशनवर गँगमन होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेलाही पहिलाच. ती पदवी चौकटीत घालून भिंतीवर लावली तेव्हा वडील तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यातला निम्मा कागद त्या सोलापूरच्या अण्णाचा हाय." वडिलांना वाचता येत नव्हतं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

अण्णा चादरींच्या एका कारखान्यात नक्षी काढायचे. चादर अंगावर घेणाऱ्याला माहीत नसतं की तिच्यावरचा मोर आधी कोणीतरी चौकटीच्या कागदावर काढलेला असतो. त्या कागदावर बारीक बारीक घरं असतात. कुठलं घर तांबड्या पेन्सिलीनं भरायचं आणि कुठलं रिकामं सोडायचं हे अण्णा ठरवत. मग त्या घरांप्रमाणं लांबट पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे क्रमानं दोऱ्यात ओवायचे आणि मागाच्या डोक्यावर चढवायचे. माग ती भोकं वाचतो आणि खाली कापडात मोर उमटतो. त्यातही एक सोय असते. समोरासमोर तोंड केलेले दोन मोर हवे असले तर अण्णा एकच काढत. दुसरा मागच काढतो, आरशात दिसावा तसा. अण्णांनी जन्मभर अर्धी चित्रं काढली आणि उरलेली अर्धी न चुकता बरोबर आली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या सवयीमुळं झालं.

मी एकोणीसशे सत्तर साली सोलापूरला आलो तेव्हा वसतिगृह भरलं होतं. कोणी तरी सांगितलं, म्हणून अण्णांच्या दारात जाऊन उभा राहिलो. कानामागं तांबडी पेन्सिल, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, अंगात पांढरा सदरा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"अक्षर कसं आहे बे तुझं?"

मी खिशातल्या कागदावर अक्षर काढून दाखवलं.

"अक्षर राहू दे. आकडे काढ."

आकडे त्यांना पसंत पडले. पुठ्ठ्यांवर क्रमांक घालायला त्यांना माणूस हवा होता. त्याच्या बदल्यात माळ्यावरची जागा मला मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, स्वयंपाकात माझ्याही भाकरी वाढल्या. घरात ते तिघंच : अण्णा, अक्का आणि मुलगी सरोजा. आपसात ती तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. अण्णा मला नावानं कधी हाक मारत नसत. त्यांच्या दृष्टीनं मी "जेऊरकर" होतो.

जगातली प्रत्येक गोष्ट ते घरांत मोजत. मी पुस्तक घेऊन बसलो की जिन्यातून विचारत, "जेऊरकर, आज किती घरं भरली?" आणि मी पुस्तक मिटायला लागलो की म्हणत, "रिकामं घर लांबनं दिसतंय बरं का. जवळनं कुणाला दिसत न्हाई."

दुसरी सवय म्हणजे चुकलं तर चुकलं असं ते तोंडानं म्हणत नसत. एकदा त्यांचा बारीक ब्रश सापडेना, आणि मीच तो कुठं तरी टाकला म्हणून त्यांनी मला शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर फाडफाड बोलून घेतलं. ब्रश त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात निघाला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर माझ्या डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय नवा बसवलेला. मी अक्कांकडं बघितलं. त्या हसून म्हणाल्या, "तेच त्यांचं बोलणं. तोंडात जे येत न्हाई ते हातात येतंय. माझ्या घरात बघ, किती वस्तू दुरुस्त केलेल्या हायत. तेवढ्यांदा भांडण झालंय."

पहिल्या वर्षी मी नापास झालो. इंग्रजीत आणि गणितातही. कोणाला न सांगता ट्रंक उचलून जेऊरला परत गेलो. वडिलांनी साहेबांच्या पाया पडून मला गँगमध्ये लावायचं ठरवलं होतं. एका दुपारी पॅसेंजरमधून अण्णा उतरले. हा माणूस गाडीत बसत नसे. लग्नकार्याला बाहेरगावी जायचं असलं तरी अक्कांना पाठवायचा. आमच्या खोलीपुढं ते उन्हात उभे राहिले, आणि मला वाटलं आता शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वडिलांना म्हणाले, "तुमचा पोरगा माझं काम अर्धं टाकून आलाय. पुठ्ठ्यांची थप्पी अर्धी नंबर घालून पडली आहे. माग थांबलाय."

वडील उठून उभे राहिले. रूळ अर्धा टाकून घरी येणं म्हणजे काय हे गँगमनला सांगावं लागत नाही. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "आरं, मग हितं काय करतोस? काम टाकून यायचं आपल्यात न्हाय. ऊठ."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. कुर्डुवाडी गेली तरी अण्णा खिडकीबाहेरच बघत होते. शेवटी मी विचारलं, "किती थप्पी राहिलीय, अण्णा?"

"कसली थप्पी? ती मीच संपवली की त्याच दिवशी." मग थोड्या वेळानं, "इंग्रजीची राहिलीय. ती तुझी तू भर."

मी पुढच्या परीक्षेला बसलो आणि पास झालो. त्यानंतर कधी नापास झालो नाही.

अशा माणसाच्या घरात एक नाव कोणी घेत नव्हतं. ते मला अक्कांकडून कळलं, अण्णा कारखान्यात असताना, तांदूळ निवडता निवडता. अण्णांना नारायण नावाचा धाकटा भाऊ होता. वडील लवकर गेल्यावर अण्णांनीच त्याला वाढवला, मागावर बसवला. नारायणचं लक्ष मागात नव्हतं, यंत्रात होतं. एक दिवस तो म्हणाला, मी हैदराबादला जातो, विमानांच्या कारखान्यात काम मिळतंय. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, माग सोडणारा या घरातला नाही. नारायण गेला. तिथं एका विमान कंपनीत तो मेकॅनिक झाला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग एकदा त्याचं विमान हितं आलं की," अक्का म्हणाल्या.

गावाबाहेर होटगीच्या बाजूला त्या वेळी साधी धावपट्टी होती. कोणा बड्या माणसाला घेऊन एक डाकोटा विमान सकाळी उतरलं आणि संध्याकाळी परत जाणार होतं. बरोबर मेकॅनिक म्हणून नारायण आला होता. विमान सोडून त्याला गावात येता येत नव्हतं. त्यानं सायकलवरून एका माणसाला निरोप देऊन पाठवलं : अण्णाला म्हणावं, मी विमानाच्या दारात उभा आहे, ये, तुला आतून दाखवतो. अक्का पदर खोचून निघाल्या होत्या, सरोजा तेव्हा कडेवर होती. तेव्हा घरातही एक माग होता, अण्णा त्यावरून उठले नाहीत, आणि ते नाहीत म्हटल्यावर अक्काही थांबल्या. संध्याकाळी विमान वळसा घालून बरोबर त्यांच्या गल्लीवरून गेलं. सगळी गल्ली गच्चीवर चढली. अण्णा तेव्हाही खाली मान घालून बसलेले.

"मान वर केली असती तर बघायला तरी मिळालं असतं," अक्का म्हणाल्या. "पण त्यांनी मान वर केली न्हाई, आणि पोरानं त्यानंतर निरोप धाडला न्हाई."

माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं तेव्हा सरोजाचं लग्न ठरलं. अक्कांनी अण्णांना न विचारता नारायणला पत्रिका पाठवली आणि त्याचं कार्ड आलं की येतो. कार्ड अक्कांनी अण्णांच्या ताटाजवळ ठेवलं. अण्णांनी ते वाचलं, पालथं घातलं, जेवण पूर्ण केलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ते रद्दीवाल्याकडून एक जुनं साप्ताहिक घेऊन आले. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळचं होतं ते. आतल्या पानावर लष्करी डाकोटाचं चित्र होतं. मोठं दार उघडलेलं, आणि दारात हवाई छत्र्या बांधलेले सैनिक.

"जेऊरकर, हेच ना डाकोटा?"

"खाली लिहिलंय तसं."

"मग झालं. हे करायचं."

विमान कशाचं करायचं हा प्रश्नच नव्हता. बाद झालेल्या नक्षीचे पुठ्ठे घरात ढिगानं पडले होते. अण्णांनी आधी चौकटीच्या कागदावर विमान उतरवलं, एका बाजूनं. मग पुठ्ठे कापून, खळ लावून, एकावर एक बसवून पोट तयार केलं. पुठ्ठ्यांची भोकं कागदाच्या लगद्यानं बुजवली. चित्रातल्यासारखं मोठं दार काढलं आणि आत सैनिकांचे बाक बसवले. दोन्ही पंखांवरची इंजिनं म्हणजे मागाच्या, सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन होत्या. पंखे खोबरेल तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे. ते फुंकर मारली की फिरत. शेपटीखाली लहान चाक आणि पुढं मोठी दोन, म्हणून ते नाक वर करून बसे. अण्णांना ते बसणं फार आवडलं. "बघ कसं बसलंय. नाराज माणसासारखं." आपल्या तोंडून काय गेलं हे लक्षात आल्यावर ते खळीचा डबा धुवायला उठले.

विमान पुरं होऊन मातकट हिरवा रंगही वाळला, तेव्हा अक्का देवघरातून एक फोटो घेऊन आल्या. नारायणनं नोकरी लागल्यावर आईला पाठवलेला. आई गेल्यावर अक्कांनी तो देवांच्या मागं ठेवला होता. फोटोत एक पोरगा हसत उभा होता आणि मागं त्याचं विमान. तेही डाकोटाच, पण लष्करी नाही. वर पांढरं, मधून रंगीत पट्टा, ओळीनं खिडक्या, खिडक्यांना पडदे, आणि लहानसं प्रवाशांचं दार.

अण्णांनी फोटो हातात घेतला. तो त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"माझा भाऊ माणसं नेत होता आणि मी सैनिक घालून ठेवलेत," ते म्हणाले. "हे बदलायचं."

मला वाटलं रंग बदलतील. त्यांनी पोट उभं कापून उघडलं. सैनिकांचे बाक काढून टाकले आणि पुठ्ठ्याच्या खुर्च्या बसवल्या, चादरीच्या सुताची गादी करून. मोठं दार बुजवून लहान दार काढलं. खिडक्यांची भोकं पाडली, पण त्यांना काच कशाची लावायची ते सुचेना. एका सकाळी अक्का माझ्याकडं धावत आल्या. अण्णांनी कपाटातला स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढला होता आणि गरम पाण्यात सोडा टाकून तो घासत बसले होते.

"अवो, डॉक्टरनी जपून ठेवा म्हणाले होते की!"

"जपूनच ठेवायलोय. विमानात."

घासून घासून फिल्म स्वच्छ झाली. निळसर काचेसारखी. अण्णांना खोकला होता, सुताच्या धुळीत काम करणाऱ्या बहुतेकांना असतो. त्या फिल्मकडं उजेडात बघून ते म्हणाले, "बघ, काहीसुद्धा डाग न्हाई."

एकच वाद झाला. विमानाची डावी बाजू फोटोप्रमाणं तयार झाली, आणि अण्णांनी कागद उलटा करून उजवी बाजू आखायला घेतली. खिडक्या तशाच, पट्टा तसाच, दार तसंच. अक्का चहा घेऊन आल्या होत्या.

"हिकडं पण दार? एस्टीला एकच असतंय की."

"ती एस्टी आहे. हे विमान आहे."

"म्हणून काय झालं?"

"रेल्वेला दोन्हीकडं असतंय. विचार जेऊरकरला, त्याचा बाप रेल्वेत आहे."

मी म्हणालो, हो, रेल्वेला दोन्हीकडं असतात. त्या घरात कोणीही विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. अण्णांनी उजव्या बाजूला दार काढलं, डाव्या दारासमोर बरोबर, एका घराचाही फरक नाही.

नारायण लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आला. कानाजवळ केस पांढरे झालेले, हातात लहान बॅग. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच ओळखलं, कारण चष्मा पुसायची पद्धत हुबेहूब अण्णांची होती. अक्का रडल्या, सरोजा पाया पडली. अण्णा मांडवाच्या दोऱ्या ताणत होते, तिथूनच म्हणाले, "पाणी द्या त्याला."

नारायण म्हणाला, "बरं आहे का, अन्ना?" तेलुगूत थोरल्या भावाला अन्ना म्हणतात आणि वहिनीला वदिना.

"बरं आहे."

विमान बाहेरच्या खोलीत कपाटावर होतं, चादरीनं झाकलेलं. आत येऊन ती चादर काढायचं काम अण्णांचं होतं. ते दोनदा आत आले, दोनदा बाहेर गेले. शेवटी अक्कांनीच चादर ओढली.

त्या क्षणाचं नारायणचं तोंड मला अजून आठवतं. माणूस अचानक तरुण होतो म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. त्यानं विमान खाली घेतलं, मांडीवर ठेवलं, पंख्यावर फुंकर मारली. डोळा लावून खिडकीतून आत बघितलं आणि मोठ्यानं हसला. "वदिना, खुर्च्या बघा! गादी पण हाय! खरं सांगू, आत शिरलं की चढ चढून जावं लागायचं पुढच्या खुर्चीपर्यंत. म्हाताऱ्या बायका दांडी धरून चढायच्या." अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या तोंडावरही काहीतरी सैल होत होतं. मला वाटलं आता हे बोलणार.

नारायणनं विमान फिरवलं. उजवी बाजू समोर आली. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अन्ना, हिकडं पण दार?"

"असतंय की दोन्हीकडं," अण्णा म्हणाले.

"नसतंय, अन्ना. एकच असतंय. डाव्या हाताला, मागं." त्यानं बोटानं ते डावं दार दाखवलं. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी मी ह्याच दारात उभा होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. साहेब ओरडला, सावलीत बस म्हणून, पण म्हटलं, अन्ना आला तर लांबनं दिसायला पाहिजे." मग चष्मा पुसत, "आला असतास तर दिसलं असतं, दार कुठं असतंय ते."

बाहेर मांडववाला अण्णांना हाका मारत होता. अण्णा वळले आणि बाहेर गेले.

लग्न चांगलं झालं. नारायण घरचा माणूस राबतो तसा राबला. पंगती वाढल्या, मोटारीत सामान चढवलं, सरोजाला निरोप देताना अण्णांच्या शेजारी उभा राहिला. पण त्या दोघांच्या बोलण्यात "पाणी दे" आणि "इकडं धर" यापुढं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना विमान कपाटावरच होतं. नेऊ का, असं त्यानं विचारलं नाही. ने, असं यांनी म्हटलं नाही. टांगा गल्लीच्या टोकाला वळला तेव्हा अण्णा माझ्याशेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अर्धंच बघितलं होतं मी. फोटोत अर्धंच होतं."

मी पदवी घेतली आणि नोकरीच्या शोधात तिथंच राहिलो. पावसाळा लागला तसं अण्णांनी विमान पुन्हा खाली घेतलं. दार बुजवणं म्हणजे एक तुकडा चिकटवायचं काम, असं मला वाटलं होतं. पण तुकडा कितीही घासला तरी त्यांच्या डोळ्याला सांधा दिसत राही. शेवटी त्यांनी अख्खी उजवी बाजू उतरवली आणि पुठ्ठ्यांचे थर नव्यानं चढवले. खोकला वाढला होता. घासताना उडणारी धूळ त्यांना सोसत नव्हती, म्हणून अक्कांनी घासायचा कागद लपवून ठेवला. अण्णांनी नवा आणला. अक्का त्यांना म्हणाल्या, "एवढं करण्यापेक्षा एक तिकीट काढा आणि भावाकडं जाऊन या. रातीत पोचवतीय गाडी."

"जातो की. हे झालं की जातो."

"माझ्या देखत जेऊरला गेला होतात, ह्या पोरासाठी. तेव्हा काय करून मग गेला होतात?"

अण्णा घासतच राहिले. मी तिथंच बसलो होतो. त्यानंतर कितीतरी वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. परक्याच्या पोराला आणायला ज्या माणसाला गाडीत बसता आलं, त्याला सख्ख्या भावाकडं का जाता येऊ नये? आता मला वाटतं, जेऊरला येताना त्यांच्याकडं खोटं का होईना, पण सांगायला काम होतं. हैदराबादला जाऊन सांगायला काम नव्हतं, एक वाक्यच होतं, आणि ते त्यांच्या हातांना येत नव्हतं.

विमान पुरं झालं. उजव्या बाजूवर हात फिरवला तरी दार कुठं होतं ते कळत नव्हतं. त्याच सुमारास मला सिकंदराबादला एका नोकरीच्या परीक्षेचं बोलावणं आलं. अण्णांनी विमानाला पुठ्ठ्याची पेटी केली, आत सुताचं वेस्ट, म्हणजे कारखान्यातलं टाकाऊ सूत, भरलं आणि स्वतः स्टेशनवर आले.

"तुम्हीच चला की, अण्णा," मी म्हणालो. "तिकीट मिळेल अजून."

"तू हो पुढं. त्याला उजवी बाजू आधी दाखव. काय म्हणतो ते लिही. मग येतो मी."

पेटी खिडकीतून आत जाईना. दारातून आणावी लागली. मी ती मांडीवर घेऊन बसलो. अण्णा खिडकीशी उभे होते, कानामागं तांबडी पेन्सिल तशीच. गाडी हलल्यावर ते दोन पावलं बरोबर चालले आणि पेटीच्या कोपऱ्यावर बोटानं टिचकी मारली, कारखान्यातून निघणाऱ्या चादरीच्या गठ्ठ्याला मारत तशी. मग खोकल्याची उबळ आली आणि ते खांबाला धरून वाकले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

ती नोकरी मला मिळाली नाही. पण सिकंदराबादेतच मला करमाळ्याच्या एका शाळेचा निरोप मिळाला आणि मी परस्पर तिकडं रुजू झालो. अण्णांना पत्र मात्र मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, सिकंदराबादहूनच टाकलं होतं. अक्का सांगत, ते पत्र त्यांनी किती वेळा वाचलं याला गणती नाही. दसऱ्याला जातो म्हणाले. दसऱ्याला कारखान्यात नव्या नक्षीची गडबड होती. दिवाळीनंतर म्हणाले. मग थंडीनं छाती धरली, तेव्हा म्हणाले, संक्रांत होऊ दे, ऊन पडू दे. ट्रंकेत धुतलेला सदरा भरून ठेवला होता. संक्रांतीच्या आधीच ते गेले. नारायण आला तो दहाव्याला, मी तार मिळून पोचलो तोही तेव्हाच.

सरोजाकडं राहायला जाताना अक्कांनी माझं पत्र मला परत दिलं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून ठेवलेलं, म्हणून त्याला सुरकुती नाही. ते होतं तसं इथं उतरवतो.

सिकंदराबाद,
रविवार

ती. अण्णांस जेऊरकरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

परीक्षा बरी गेली. गणिताची सगळी घरं भरली, इंग्रजीची दोन रिकामी राहिली.

विमान सुखरूप पोचलं. तुम्ही सांगितलं होतं तसं मी नारायणकाकांना उजवी बाजू आधी दाखवली. ते बराच वेळ हात फिरवत बसले. मग काकूंना म्हणाले, "सांधा सापडतो का बघ." काकूंना सापडला नाही. मी जेवून परीक्षेच्या ठिकाणी मुक्कामाला गेलो.

आज निरोप घ्यायला पुन्हा गेलो, तर विमान बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलेलं होतं, आणि उजव्या बाजूला दार होतं. अण्णा, रागावू नका. त्यांनी दाढीच्या पात्यानं ते पुन्हा कापून काढलं होतं. अगदी होतं तिथंच. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, काका, हे बुजवायला अण्णांनी अख्खा पावसाळा घालवला, खोकत खोकत. ते म्हणाले, "हात लावल्या लावल्या कळलं ते मला. सगळं कळलं. पण जेऊरकर, कंपनीच्या विमानाला एकच दार होतं, आणि त्यातनं अन्ना आला नाही. ह्याला दुसरं असू दे."

ते दार त्यांनी उघडं ठेवलं आहे. काकू म्हणतात, आत धूळ जाईल. ते बंद करू देत नाहीत.

त्यांनी तुम्हाला आणि अक्कांना दसऱ्याला बोलावलं आहे. स्टेशनवर स्वतः घ्यायला येणार आहेत. तुम्ही कोणत्या डब्यात बसाल आणि कोणत्या बाजूला उतराल ते कळवा, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, कारण रेल्वेला दोन्हीकडं दारं असतात. हे म्हणताना ते हसत होते.

मी त्यांना सांगून टाकलं आहे की अण्णा येतील. मी बरोबर सांगितलं ना?

आपला,
जेऊरकर